पणजोबा कागदात सापडत नाहीत, कारण आपण त्यांचं नाव शोधतो

जनगणनेच्या कागदात पणजोबा शोधायला निघाला असाल तर आधी थांबा. 'एकोणीसशे एकतीसची काढा, जात लिहिलेली ती शेवटची,' असा सल्ला लग्नाच्या पंगतीतसुद्धा मिळतो. जात मोजली हे खरं, पण शिल्लक राहिले ते आकडे. कोणत्या जिल्ह्यात कोण किती, एवढंच. माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या कुणी जपल्या नाहीत, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ तर एका माणसाची नोंद दुसऱ्याला दाखवूच देत नाही.

अपवाद एक आहे आणि तो विचारायचं लोक विसरतात. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव राष्ट्रीय नोंदवही लिहिली गेली. घर क्रमांकाप्रमाणे माणसाचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा. सगळ्या गावांची राहिलेली नाही. पण तहसिलीत गेलात तर हिचं नाव घेऊन विचारा. 'जुना रेकॉर्ड दाखवा' म्हणालात तर 'नाही' एवढंच उत्तर मिळेल.

लग्नाच्या नोंदींचीही तीच गत. आपल्या नागपूरकडच्या हिंदू लग्नांना सरकारी वही नव्हतीच. घरचे कुणी ख्रिस्ती असतील तर नशीबवान, कारण १८७२ च्या कायद्यापासून चर्चच्या विवाह नोंदीत नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं येतात. निकाह असेल तर काझींकडचं दप्तर पाहा. बाकीच्यांनी घरातली आहेराची वही शोधावी. त्याबद्दल पुढे.

मला हे काम पडलं पुतण्याच्या जात पडताळणीसाठी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तो मिळालाही. मग मला चटकच लागली आणि आता अर्ध्या नातलगांचे कागद माझ्याकडे येतात. म्हाताऱ्यांना विचारणं, घरचे सातबारे आणि टीसी गोळा करणं हे तुम्ही केलेलंच असेल असं धरून चालतो.

पहिल्यांदा गाव कोणत्या तहसिलीत होतं ते ठरवा. आज कुठं आहे ते नाही, तेव्हा कुठं होतं ते. इंग्रजी अमलात नागपूर जिल्ह्याच्या तहसिली चारच होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. सावनेर तेव्हा रामटेकात, नरखेड काटोलात. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून निघाला. शिवाय १९५६ पर्यंत आपण मध्य प्रांत आणि नंतर मध्य प्रदेशात होतो, म्हणून कागदात मराठीइतकीच हिंदी-उर्दू दिसते. घाबरू नका, शब्द वीसेकच आहेत. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, कौम म्हणजे जात, साकीन म्हणजे राहणार, फौत म्हणजे वारला. शकाच्या सालात ७८ मिळवा, फसलीत ५९० किंवा ५९१.

आता खरी अडचण. कोतवाल बुक.

गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवाल ठाण्यात द्यायचा, त्याची ही वही. माझी दोन वर्षं हिच्यात गेली. घरी माहिती एवढीच होती: पणजोबा लक्ष्मणराव, काटोलकडचे, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख १ जुलै १९१०. ही तारीख पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्या आज्या-पणज्यांतला निम्मा विदर्भ १ जुलैला जन्मलेला आहे, कारण शाळा तेव्हा सुरू व्हायची आणि मास्तर पोराच्या उंचीकडे पाहून साल टाकायचे. मी मात्र १९०९ ते १९११ ची पानं 'लक्ष्मण' शोधत चाळली. एप्रिलच्या उन्हात, पंखा नसलेल्या खोलीत, पाच खेपा. लक्ष्मण नाही.

असणारच नव्हता. जन्माची खबर दिली तेव्हा पोराचं बारसंच झालेलं नव्हतं! रकान्यात काय असतं, तर तारीख, बापाचं नाव, कौम, मुलगा की मुलगी. संपलं. ज्याला तुम्ही शोधताय त्याचं नाव त्या पानावर बहुधा नसतंच. म्हणून जन्माच्या नोंदीत बाप शोधा.

बाप तरी नीट लिहिलेला असतो का? कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे. तो सांगायचा आणि लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा. लक्ष्मणराव तर कधीच नसतो. लछमन असतो, लखमन असतो आणि घरात जमीन नसेल तर लछम्या असतो. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या नावाला 'जी' लागतो, मजुराच्या नावाला 'या' लागतो. आपल्या पणजोबांना कुणी लछम्या म्हटलेलं वाचून राग येतो, मलाही आला. पण राग घरी ठेवून जा, नाहीतर ओळख पटूनही तुम्ही 'हे आपले नव्हेत' म्हणत पान उलटाल. आडनाव शोधू नका. 'आमचं आडनाव पिढीजात आहे' हे वाक्य मी फार ऐकलंय. कागदात मात्र ते पुष्कळ घरांत शाळेच्या दाखल्यापासूनच सुरू होतं.

पानं मोडीत असतील तर एवढं ध्यानात ठेवा: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द सुटे नसतात, सलग ओळ पळत जाते. कामापुरतं वाचायला शिका, वल्द आणि कौम ओळखता आलं तरी पुरे. जाणकाराला पैसे द्यायचे ते सापडलेल्या पानाचे द्या. सापडण्याआधी 'शोधून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. बाप शोधायचा हे कळल्यावर मला 'गणू वल्द बापू' मिळाला, कौमही जुळली. मी आनंदात वंशावळ काढली, सोनेगावच्या आत्याला नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, दोन नावं वाचली आणि म्हणाल्या, 'बाबू, हे तर टोलीवरचे. आपले गावातले.' एका गावात एकाच जातीचे दोन गणू, दोघांचे बाप बापू. मी चार पिढ्या दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवल्या होत्या.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: नाव जुळलं म्हणजे काही जुळलं नाही. बाप, भाऊ आणि शेत, तिन्ही जुळली तर माणूस आपला. यातलं शेत सगळ्यांत भरवशाचं. माणसाचं नाव लिहिणारा बदलतो तसं बदलतं, शेताचा शेजारी बदलत नाही. म्हणून मी उलटा निघालो. पणजोबा वारल्यावरचा वारस फेरफार काढला: 'लछमन वल्द गणू फौत, वारस...' त्यात मुलांची नावं, 'भागाबाई बेवा लछमन' आणि खसरा नंबर, म्हणजे शेताचा नंबर. तो नंबर धरून बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्या वेळच्या मिसलीत गेलो. नंबर बंदोबस्तागणिक बदलतात आणि गट नंबर तर एकत्रीकरणानंतरचे, तेव्हा नुसता आकडा धरून चालू नका, चतुःसीमा पाहा. नाला आणि पांदण जुळली आणि आमचा गणू मिळाला.

मग पुन्हा कोतवाल बुक. या वेळी गणूच्या घरची प्रत्येक नोंद १९०० ते १९२० पर्यंत उतरवली, जन्म आणि मृत्यू दोन्ही. चार मुलगे, दोन मुली. मृत्यूच्या रकान्यात एक मुलगा देवीनं गेलेला. १९१८ चं पावसाळ्यानंतरचं पान उघडलं तर कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्यानं पुढे पुढे शब्दही सोडला, नुसती आडवी रेघ ओढलीय. त्या रेघांत गणूची बायको होती आणि एक मुलगा, वय सहा. उरले दोन. फेरफारात पणजोबांना मोठा भाऊ आहे, म्हणजे आमचे ते धाकटे. जन्म १९०७. शाळेच्या तारखेपेक्षा तीन वर्षं आधी, म्हणूनच माझ्या पाच खेपा फुकट गेल्या होत्या.

बायकांसाठी ही वाट चालत नाही. मुलगी 'मुलगी' म्हणून जन्मते, जौजे म्हणून जगते, बेवा म्हणून वारसात येते. मधे सासरी नाव बदललेलं असतं. पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागलेला असेल तर एकच बाई दोन गावांत दोन नवऱ्यांच्या नावे दिसते. भागाबाईंचं माहेर मला सरकारी कागदात मिळालंच नाही. मिळालं ते आजोबांच्या लग्नातल्या आहेराच्या वहीत, लाल कापडी पुठ्ठ्याची, हळदीची बोटं लागलेली: 'मामाकडून लुगडं १, धोतर १', आणि पुढे गावाचं नाव. नवऱ्याचा मामा म्हणजे भागाबाईंचा भाऊ. सोपं होतं, पण ती वही कुणी रद्दीत घातली नव्हती म्हणून.

बाकीचं थोडक्यात. नागपूर शहरातले असाल तर कोतवाल बुक नाही, नगरपालिकेची नोंद पाहा, ती १८६४ पासूनची संस्था. खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडे; सूची क्रमांक १ नावावरून, २ मिळकतीवरून. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांत कौमेचा रकाना मधेच बदलतो, तिथं माणूस बदलला असं समजू नका. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गयेच्या तीर्थोपाध्यांकडे वंशावळीसाठी जायचं तर आडनावाआधी मूळ गाव सांगा.

नोंद सापडली की पान क्रमांक, अनुक्रमांक, साल आणि ठाणं लिहून घ्या, नंतर नकलेचा अर्ज. एका तहसिलीत मी 'उद्या येतो' म्हणून निघालो आणि पुढच्या खेपेला ती वही बांधणीला गेली होती, आठ महिने. नक्कल हातात आली की खिडकीसमोरच वाचा. आमच्यात त्यांनी 'वल्द गणू' चं 'वल्द गुण' केलं होतं. शिक्का पडलेला होता, तरी तिथंच उभं राहून दुरुस्त करून घेतलं.