रानतुळशीचा हर्बेरियम नमुना: लेबलात काय हवे

हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. रानतुळस मूळची उष्ण अमेरिकेतली. आता उष्ण कटिबंधात रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर माजते. परक्या वनस्पतीच्या नमुन्यात सर्वांत मोलाची माहिती कागदावर चिकटवता येत नाही: झाड कोणी लावले होते की आपोआप उगवले? ती लेबलातच यायला हवी.

फुले आणि पिकलेली फळे दोन्ही असलेली ३०-३५ सेंमी फांदी घ्या; शक्य तर एक लहान रोप मुळासकट. ओळख पटते ती फळावरच्या निदलपुंजावरून (फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या पेल्यावरून): दहा ठळक शिरा, टोकाला पाच ताठ, काट्यासारखे दात. जांभळट-निळी फुले वाळताना रंग सोडतात आणि गळतात. म्हणून रंग जागेवरच टिपा, चार-पाच फुले कागदी पुडीत वेगळी ठेवा. चुरगळलेल्या पानाचा वासही लिहा, वर्षभराने तो तितकासा उरत नाही.

पाने पातळ, लगेच मलूल होतात. प्रेस, म्हणजे कागदांत झाड दाबून वाळवायची चौकट, सोबत न्या. एखादे पान उलटे ठेवा, म्हणजे खालची लव दिसेल. चौकोनी खोड जाड असेल तर उभे चिरा. नाहीतर त्याच्या शेजारच्या पानांवर दाब पडत नाही आणि ती सुरकुततात. पहिला कागद २४ तासांच्या आत बदला, मग रोज. इथे आळस केला की पाने काळी पडतात, बुरशी धरते. ऊब द्यायचीच तर ४५ अंश सेल्सिअसच्या आत.

वाळलेला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवला की किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. नाहीतर थंड नमुन्यावर ओल धरते, आणि या झाडाचे बी ओले होताच सब्जासारखे बुळबुळीत होते आणि कागदाला चिकटून बसते. चिकटवतानाही पातळ खळ फळांपासून लांबच बरी.

लेबलावर तारीख, संकलक, संकलन क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि त्यांची अचूकता मीटरमध्ये. 'तण, सर्वत्र' एवढ्यावर भागवू नका. या शेऱ्यातून पुढच्या अभ्यासकाला काहीच कळत नाही. असे लिहा: 'बागेपासून सुमारे ४०० मी., नाल्याकाठी, २० × ५ मी. पट्ट्यात साधारण ६० झाडे, खाली रोपे, लागवडीची खूण नाही.' बी धरते आहे आणि रोपेही उगवताहेत, या दोन गोष्टी जोडीने नोंदल्या तरच झाड तिथे रुजले असे म्हणायला आधार मिळतो.

जुन्या नोंदी शोधताना रानतुळशीची तिन्ही शास्त्रीय नावे पाहा: बॅलोटा (लिनिअस, १७५९), हिप्टिस (१८०६) आणि आजचे मेसोस्फेरम सुआव्हिओलेन्स (१८९१). जुने लेबल खोडू नका. नव्या नावाची चिठ्ठी तारखेसह शेजारी लावा. आणि नोंदी मोजताना जपा. एकाच संकलकाचा, त्याच क्रमांकाचा नमुना तीन संग्रहांत सापडला, तरी नोंद एकच.