बाथरूमच्या छताला ओल? या चुका टाळा

गणपतीच्या पंधरा दिवस आधी मला हमखास फोन येतात. "दादा, बाथरूमच्या छताला डाग पडलाय, पाहुणे यायच्या आत एक हात मारून द्या." डोंबिवली-ठाणे पट्ट्यात वीसेक वर्षं रंगकाम करतोय. लोकांचे सगळ्यांत जास्त पैसे या "एक हात मारून द्या"मध्येच बुडालेले पाहिलेत.

ओल तशीच ठेवून वरून रंग देणं ही सगळ्यांत महाग चूक. एकदा एका काकूंच्या आग्रहाला मीही बळी पडलो. बशीतला सांडलेला चहा सुकावा तसा फूटभर डाग होता, मध्ये फिकट आणि कडेला गडद. वर कुठेतरी गळतंय, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वरच्यांशी नंतर बोलू, आत्ता तेवढं नीट दिसू दे." खरवडलं, पुट्टी भरली, घासायचा पॉलिश पेपर मारला, इमल्शनचे दोन हात दिले. गौरी जेवणाच्या दिवशी परत फोन. जाऊन पाहिलं तर डागाच्या जागी नारळाएवढा फुगा. बोटाला मऊ लागला. पुट्टी लावायच्या पत्र्याच्या टोकाने टोचला आणि गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मीच दिलेल्या रंगाच्या पापुद्र्याने ते धरून ठेवलं होतं. आतला गिलावा भुसभुशीत, ठोकला तर पोकळ आवाज, आणि त्यामागे सळई गंजलेली. गंजलेलं लोखंड मुळापेक्षा जास्त जागा घेतं, ते काँक्रीटला आतून ढकलतं आणि एक दिवस स्लॅबचा तुकडा खाली येतो. वरच्या घरात नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा सुटलेला निघाला. आंघोळ-धुण्याचं पाणी सन्क स्लॅबच्या (बाथरूमखाली मुद्दाम खोलगट ठेवलेल्या स्लॅबच्या) भरावात साचत होतं. तेव्हापासून छत कोरडं असल्याची खात्री झाल्याशिवाय मी डबा उघडत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी: प्रत्येक डागाचं खापर वरच्या मजल्यावर फोडणं. एका सोसायटीत दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. खालच्यांच्या छतावर काळे ठिपके होते, मिरपूड भुरभुरल्यासारखे, कोपऱ्यांत आणि बाहेरच्या भिंतीलगत दाट. गळतीचा डाग एका जागेवरून पसरतो आणि त्याला कड असते. हे ठिपके विखुरलेले, म्हणजे वाफेवर वाढलेली बुरशी. गीझरचं कडकडीत पाणी, थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर चिकटवलेलं प्लास्टिक, आणि एक्झॉस्ट पंखा बिघडलेला. वरच्यांनी तोवर टाइल्सचे सांधे दोनदा भरून घेतले होते. हे पाहून खरंच वाईट वाटतं. एका साध्या चाचणीने ते भांडण पहिल्याच आठवड्यात मिटलं असतं.

ती चाचणी अशी. छताचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा, फूटभर लांब-रुंद असा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दिवसभर तसंच ठेवा. छताकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल स्लॅबमधून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती आंघोळीची वाफ. टेपसुद्धा चिकटत नसेल, तर छत किती ओलं आहे ते कळलंच.

स्लॅबमधून येत असेल तर वेळ बघा. फक्त पावसाळ्यात ओल आली तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. वरच्यांची आंघोळ झाल्यावर वाढली तर ट्रॅप किंवा ड्रेनेज. रात्रंदिवस सारखी असेल तर नळाची, कायम पाण्याने भरलेली लाइन. ओल कधी वाढते ते चार दिवस कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन वर जा. आवाज चढवण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो. खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास-बाथरूमची आतली गळती संबंधित सभासदाने.

वाफ असेल तर आंघोळीनंतर वीस मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवा आणि भिंतींवरून वायपर फिरवा. दाराखाली फट नसेल तर पंखा हवा ओढणार कुठून?

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, बीजं घरभर उडतात. आधी ओली करा, मास्क लावा. आणि टाइल्स धुवायचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

डाग झाकायला पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: नका लावू. वर सळई गंजत राहते आणि तुम्हाला दिसत नाही.

बाथरूममध्ये डिस्टेंपर नको. पीओपी तर नकोच, ते पाणी पितं.

गळती बंद झाली की लगेच रंगाची घाई करू नका. पोपडे काढून स्लॅब उघडा ठेवा. मी किमान महिनाभर थांबतो, पावसाळ्यात काम झालं असेल तर दिवाळीनंतरची तारीख देतो, आणि प्लास्टिकची चाचणी पुन्हा करूनच ऑइल प्रायमर मारतो. पाण्यातल्या प्रायमरमधून तपकिरी डाग परत वर येतो.

आणि डाग छतातल्या दिव्याजवळ असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी त्या लाइनचा एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा खटका) पाडा, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर आंघोळीला बाहेरच्या खोलीतला उजेड वापरा.