गिटारला स्वस्तातले पिकअप टाकताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक पिकअप (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा, आवाज पकडणारा मॅग्नेट आणि वायरच्या वेढ्यांचा भाग) घ्यायच्या आधीच होते. गिटारचा आवाज गढूळ येतोय ना, मग पिकअपच फालतू आहेत असं ठरवून मोकळं व्हायचं! अरे आधी नव्या तारा टाका, मग शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तिच्यापासून पोलपीसपर्यंतचं (पिकअपवर त्या तारेखाली दिसणारा धातूचा ठिपका) अंतर मोजा, साधारण 2 ते 2.5 मिलिमीटर असेल तर ठीक, जाड तारेकडे थोडं जास्त. स्ट्रॅटसारख्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारमध्ये मॅग्नेट फार जवळ आला की तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड ई तार वाजवली की एकाच नोटमध्ये दोन सूर भांडतायत असं वाटतं. अशा वेळी पिकअपची उंची ठरवणारे दोन स्क्रू फिरवून बघा, फुकटचं काम आहे.

दुसरं म्हणजे किलोओमचं वेड. स्वस्त पिकअपच्या वर्णनात '16 के' (म्हणजे 16 किलोओम, वायरचा विद्युत रोध) ठळक लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं वा, जोरदार असणार. पण तो आकडा फक्त वायर किती लांब आणि किती बारीक एवढंच सांगतो. 43 गेजची वायर 42 पेक्षा बारीक, त्यामुळे तेवढेच वेढे मारले तरी आकडा जास्त दिसतो, आणि मॅग्नेट अल्निको (मॅग्नेटचा एक मिश्रधातू) 2 आहे, 5 आहे की सिरॅमिक, हे त्यात कुठेच कळत नाही. जुन्या धाटणीचा हमबकर (दोन कॉइलचा, म्हणजे वायरच्या दोन वेटोळ्यांचा पिकअप) 7.5 ते 8.5 के च्या आसपास असतो, आणि त्यावर मस्त क्रंच (हलका खरखरीत आवाज) येतो. वेढे वाढवत गेलं की ट्रेबल कमी होत जातो. मी तरी क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय, स्वच्छ आवाजात) वाजवणाऱ्याला 16 के घ्यायला सांगणार नाही.

पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) बघायला तर सगळेच विसरतात. हमबकरला 500 के, सिंगल कॉइलला 250 के हा नेहमीचा हिशोब. 250 वर हमबकर लावला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं, आणि मग शिव्या नव्या पिकअपला. पॉटवर छापलेलं असतं, उघडून वाचा. अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप घेताय तर त्याला बहुतेक वेळा 25 के पॉट लागतात आणि 9 व्होल्टच्या बॅटरीला जागा पण.

स्पेसिंग: पहिल्या पोलच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत मोजा, हमबकरमध्ये साधारण 50 किंवा 52-53 मिमी येतं. ब्रिजकडे (तारा खाली जिथे अडकवतात तिकडे) तारा एकमेकींपासून लांब असतात म्हणून तिथे बघून घ्या. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर दिसायला खटकतं, ऐकायला फारसं नाही. गिटारमध्ये पिकअप बसतो त्या पोकळीची खोली मात्र मोजाच, हमबकरचे पाय खाली टेकले की तो बसतच नाही.

आता वायरिंग, इथे मी स्वतः माती खाल्लीय. चार वायरचा हमबकर, त्याच्या वायरचे रंग सेमूर डंकनच्या पद्धतीचे, आणि मी समोर डायग्राम ठेवला डिमार्झिओचा (दोन्ही पिकअप बनवणाऱ्या कंपन्या). डिमार्झिओत काळी-पांढरी एकत्र जोडायची, डंकनमध्ये लाल-पांढरी. मी काळी-पांढरी जोडली, म्हणजे एक अख्खी कॉइल शॉर्ट केली. आवाज पातळ आणि वर घुंईईई चालूच. मल्टीमीटर लावला तर 8 च्या जागी 4 च्या आसपास, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्वस्त पिकअपच्या रंगांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका, कुठल्या दोन वायर एका कॉइलच्या आहेत ते मीटरने शोधा आणि जुनं काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

पिकअप एकेकटे छान वाजतात पण दोन्ही एकत्र लावले की आवाज नाकातून आल्यासारखा होतो? फेज उलटी आहे (दोघांचे सिग्नल एकमेकांना मारतात), एकाच्या हॉट (सिग्नलची) आणि ग्राउंड वायरची अदलाबदल करा. पण आधी बघा, मेटल कव्हर किंवा वायरवरची बाहेरची जाळी त्याच ग्राउंडला जोडलेली असेल तर ते वेगळं करावं लागेल, नाहीतर कव्हरच हॉट होतं. तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर जॅकवरच्या वायर उलट्या असण्याची शक्यता जास्त. आणि अ‍ॅम्पच्या जास्त गेनवर शिट्टी वाजते ती बहुतेक पिकअपच्या कॉइलमध्ये मेण नीट न भरल्यामुळे, सोल्डर कितीही पुन्हा केलं तरी ती जात नाही.

तारा चढवायच्या आधी अ‍ॅम्पला जोडून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हळूच टकटक करा, सिलेक्टर (पिकअप निवडायचा स्विच) सगळ्या पोझिशनला फिरवून. नाहीतर तारा परत काढायच्या, पिकगार्ड परत उघडायचा, आणि त्यात एखादा बारका स्क्रू हमखास पलंगाखाली जातो.