जुनी गाडी नावावर कशी करून घ्यावी?

जुनी गाडी बघायला जाताना आपण मेकॅनिकला सोबत नेतो, बॉनेट उघडतो, टायर चाचपतो. कागद मात्र सौदा झाल्यावर हातात घेतो, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खातं. मालकी बदलातले बहुतेक अडथळे विकणाऱ्याच्या हातात असतात: त्याचं कर्ज, त्याची चलनं, त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी. पूर्ण पैसे मिळाले की त्याची घाई संपते. म्हणून थोडी तरी रक्कम मागे ठेवा आणि पुढची कामं त्याआधी उरकून घ्या.

१. नंबर टाकून बघा

एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी (धुराची चाचणी) आणि बँकेचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, दिसते. थकलेली ई-चलनं वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर बघा आणि ती विकणाऱ्यालाच भरायला लावा. मग गाडीपाशी जाऊन चेसिस नंबर (सांगाड्यावर कोरलेला) आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या पुस्तिकेशी किंवा कार्डाशी, ताडून घ्या. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीवर तो गंजलेला असू शकतो, आणि तपासणीत आरटीओच्या निरीक्षकाला आकडे वाचता आले नाहीत तर फाइल पुढे सरकत नाही. सीएनजी किट नंतर बसवलं असेल आणि आरसीवर इंधन नुसतं ‘पेट्रोल’ असेल, तर ती नोंदही आधी करून घ्यायला सांगा.

कधी कधी अ‍ॅपवर गाडी सापडतच नाही. संगणकाच्या आधीच्या काळात नोंदवलेल्या गाड्यांची माहिती जुन्या रजिस्टरमधून ऑनलाइन चढवायची राहून गेलेली असते. यासाठी ‘बॅकलॉग एन्ट्री’ करावी लागते, तीही जिथं मूळ रजिस्टर आहे त्या आरटीओत. मूळ आरसी बुक आणि जुनी कराची पावती लागते. हे काम रखडू शकतं, त्यामुळे ते विकणाऱ्यानं पूर्ण केल्याशिवाय सौदा पक्का करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. बोजा उतरवा

कर्ज फिटलं तरी आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप गेलं असेलच असं नाही. ‘गाडी केव्हाच मोकळी झालीय’ हे वाक्य मालक मनापासून म्हणतो, पण आरटीओ मागते बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५. खरी गंमत बँकच उरलेली नसते तेव्हा. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या, म्हणजे पत्र बडोद्याकडून घ्यायचं. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. अशा बंद पडलेल्या सहकारी बँकेच्या बाबतीत अवसायकाच्या (तिचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. ही धावपळ जुन्या मालकाची. कर्जखातं त्याच्या नावावर होतं, बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही.

३. पंधरा वर्षं झालीत का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर आधी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, मग मालकी बदल. हा क्रम उलटा करायला गेलं की हेलपाटे ठरलेले. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. वीस वर्षांपर्यंतच्या मोटारीचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये आहे आणि उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. शिवाय पर्यावरण कर. दोन वर्षं मुदत उलटून गेलेली ‘स्वस्त’ गाडी किती स्वस्त उरते, याचा हिशेब किंमत ठरवतानाच करा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली असली पाहिजे. ती नसेल तर महाराष्ट्रात मालकी बदलाचं काम अडतं.

४. फॉर्म आणि ओटीपी

फॉर्म २९ विकणाऱ्याचा (दोन प्रती), फॉर्म ३० दोघांच्या सहीचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ऑनलाइन अर्जात ओटीपी लागतो, त्यामुळे मालकाचा आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच फिरवायची रीत अजून चालते. विकणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली, जरी ती गाडी मध्ये अनेक हातांतून गेली होती.

५. वेगळी प्रकरणं

मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ वर. बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्या, नाहीतर एखादा भाऊ हरकत घेऊन उभा राहतो.

दिल्लीत जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या कमी किमतीत इकडे येतात. त्यांना तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) हवं, इथं नवा नंबर (फॉर्म २७), आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर. कराचा आकडा आपल्या आरटीओत विचारून मगच बयाणा द्या.

६. एजंट हवा का?

साध्या प्रकरणात नको. मोटारीच्या मालकी बदलाचं सरकारी शुल्क ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० आहेत. एजंट काय सांगतो ते तुम्ही ऐकलंच असेल. बॅकलॉग किंवा बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर मात्र माहितगार माणूस कामाला येतो. पैसे त्याला दिलेत तरी अर्ज क्रमांक स्वतःकडे ठेवा. फाइल परत आली तर कारण परिवहनच्या संकेतस्थळावर तुम्हालाच वाचता येतं, ‘साहेब रजेवर आहेत’ यावर विसंबायची गरज नाही.

विम्यावरचं नाव १४ दिवसांत बदलायला टाका. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला थोडा फरक भरावा लागेल.