नकळत कपडे खराब होतात? जुलाब थांबवणाऱ्या गोळीआधी हे तपासा

म्हाताऱ्या माणसाचा शौचावरचा ताबा सुटला की शेजारपाजारचे दोनच सल्ले ठरलेले: "वय झालं" आणि "डायपर लावा". दोन्ही सोडून द्या. बाळंतपणात फाटलेला स्नायू, मधुमेहाने निकामी झालेल्या नसा, पक्षाघात, भगंदराची शस्त्रक्रिया, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे सैल झालेलं पोट, काहीतरी कारण असतंच.

अचानक ताबा गेला आणि सोबत कंबरदुखी, पायात अशक्तपणा, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा किंवा लघवी तुंबणं असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तरी डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

एरवी आठवडाभर वही ठेवा: केव्हा झालं, पातळ की घट्ट, आधी कळ आली का.

आता खरी मेख. दिवसातून अनेकदा थोडं थोडं पातळ होतंय, म्हणजे जुलाब, असं धरून घरात पडलेली लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) दिली जाते. देऊ नका! बरेचदा गुदाशयात वाळलेल्या मळाचा कडक खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. बाहेरून जुलाब दिसतात, आत मात्र बद्धकोष्ठ. गोळीने खडा आणखी पक्का बसतो. "पोट नीट साफ शेवटचं कधी झालं?" एवढं विचारा. आठवत नसेल, पोट फुगलेलं असेल, भूक मेली असेल, तर संशय खड्याचाच. ट्रामाडोल, कोडीन यांसारखी वेदनाशामकं किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर संशय दुप्पट. खात्री होते ती डॉक्टरांनी बोट घालून तपासल्यावर. ती तपासणी न करताच कोणी चिठ्ठी लिहायला लागलं, तर "आतून बघणार ना?" असं सरळ विचारा, लाज बाळगू नका. खडा एनिमाने किंवा रेचकाने काढतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. घरी बोटाने उकरू नका, इजा होते. खडा निघेपर्यंत इसबगोलही नको.

खडा नसेल तर इसबगोल उपयोगी. लोकांना पटत नाही, पण पातळ शौचही त्याने बांधून येतं. पाण्यात नीट कालवून द्या. लोपेरामाइडचा विचार यानंतर, डॉक्टरांना विचारून.

न्याहारीनंतर अर्ध्या तासात कमोडवर बसवा, पाय टेकलेले असू द्या.

व्यायाम: वारा अडवताना जो स्नायू आवळतो तोच आवळायचा. कुल्ले दाबायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. काही आठवडे नेमाने केल्याशिवाय फरक दिसत नाही. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे बायोफीडबॅक (स्नायू नीट आवळतोय का हे यंत्रावर बघत करायचा सराव) शिका.

त्वचा कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. जंतुनाशक द्रव पाण्यात घालू नका, आग होते.

एवढं करूनही सुधारणा नसेल तर मॅनोमेट्री (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी) आणि गुदद्वाराची आतून सोनोग्राफी. बाळंतपणात फाटलेला स्नायू त्यात दिसतो आणि काहींच्या बाबतीत तो शिवताही येतो.