इंदूरला नवीन आलात? मॅचचं तिकीट काढण्याआधी

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात महाराष्ट्रातून तीन कुटुंबं राहायला आली. शाळा, गॅस, कामवाली, चांगलं गोडं तेल कुठे मिळतं हे सगळं विचारून झालं की गाडी हमखास एका प्रश्नावर येते, "काकू, होळकर स्टेडियमला मॅच बघायची तर चौघांचे किती होतात?" दरवेळी जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. घरचा हिशोब माझ्याकडे असतो, आणि क्रिकेटवर जेवढे पैसे वाया घालवायचे तेवढे आम्ही आधीच घालवून बसलोय.

सांगलीहून इथे आले 2005 साली, यांना पिथमपूरला नोकरी लागली म्हणून. पुढच्याच वर्षी, 15 एप्रिल 2006 ला, या मैदानावरचा पहिला आंतरराष्ट्रीय वनडे झाला, भारत-इंग्लंड. तेव्हा याला उषाराजे मैदान म्हणायचे, होळकर हे नाव 2010 मध्ये पडलं. आम्ही हौसेने तीन वर्षांच्या पोराला घेऊन गेलो. एप्रिल, माळव्यातलं ऊन, आणि डोक्यावर छप्पर नसलेली स्वस्तातली जागा. रॉबिन उथप्पाने पहिल्याच सामन्यात 86 धावा काढल्या. त्यातल्या मी बहुतेक ऐकल्या, कारण मी स्टँडच्या मागच्या सावलीत पोराच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवून बसले होते. तीन तिकिटांतलं एक यांनी वापरलं, दोन आम्ही मायलेकांनी फुकट घालवली. लहान मूल असेल तर आधी सावली कुठल्या स्टँडला आहे ते विचारा, किंमत नंतर बघा.

आता आकडे. तिकिटाचे दर प्रत्येक सामन्याला वेगळे असतात, पण त्यावरचा कर ठरलेला आहे आणि लोक नेमके तिथेच फसतात. भारताचा आंतरराष्ट्रीय सामना असेल तर 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. आयपीएलला ही सवलत नाही. तिथे आधी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. म्हणजे हजाराचं तिकीट धरलं तर चौघांचे भारताच्या सामन्याला 4,720 होतात आणि आयपीएलला 5,600. पाचशेचं धरलं तर 2,000 आणि 2,800. वर ऑनलाइन काढताना सुविधा शुल्क नावाचं काहीतरी लागतं, ते पैसे देण्याच्या शेवटच्या पानावरच दिसतं. मांडीवरचं बाळ सोडलं तर मुलांनाही पूर्ण तिकीट लागतं असंच धरून चाला. वयाची अट तिकिटाच्या नियमांत असते.

आयपीएलचं स्वप्न मात्र इथे बसून बघू नका. 2011 मध्ये कोचीच्या टीमने आणि 2017 व 2018 मध्ये पंजाबने आपले काही घरचे सामने इंदूरला खेळवले, त्यानंतर आयपीएल इकडे फिरकलेली नाही. ज्यांना बघायचीच असते ते अहमदाबादला जातात. साधारण चारशे किलोमीटर, एक रात्र हॉटेल, आणि सामन्याच्या दिवशी हॉटेलवाले जो भाव सांगतील तो. आम्ही एकदा गेलो. परत आल्यावर वहीत बघितलं तर तिकिटांच्या दुप्पट पैसे बाकीच्या गोष्टींवर गेले होते. त्यात पोराने घेतलेली जर्सी धरलेली नाही, ती त्याने स्वतःच्या पैशांतून घेतली असं तो अजून म्हणतो.

इंदूरमधल्या इंदूरमध्ये खर्च त्या मानाने आटोक्यात राहतो, कारण स्टेडियम गावाबाहेर नाही, भरवस्तीत आहे. रेस कोर्स रोड, जंजीरवाला चौराहा (इथे चौक म्हटलंत तरी कळतं, पण रिक्षावाला चौराहाच म्हणणार), आणि छप्पन दुकान ही खाऊगल्ली पायी जाण्याच्या अंतरावर. सामन्याच्या दिवशी आसपासचे रस्ते गाड्यांना बंद करतात, म्हणून कार काढूच नका. रिक्षाने पलासियापर्यंत जा, पुढे चाला. घरून पोटभर जेवून निघा. आत पाण्याची बाटली, डबा, पॉवर बँक, नाणी, हेल्मेट काहीही नेऊ देत नाहीत, आणि आत मिळणाऱ्या समोशाचा भाव ऐकून तुम्हाला छप्पन दुकान धर्मशाळा वाटेल. सामना सुटला की लगेच रिक्षा शोधू नका, मिळत नाही आणि मिळाली तर रिक्षावाला गिऱ्हाईक बघून भाव सांगतो. छप्पनला अर्धा तास काढा, किंवा रात्रीचा सामना असेल तर सरळ सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जा. तिथे मध्यरात्र म्हणजे संध्याकाळच असते, गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाऊन होईपर्यंत गर्दी ओसरते. जानेवारीतल्या रात्रीच्या सामन्याला स्वेटर न्या. पुणेकर ऐकत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर "भिया, दो एक्स्ट्रा पडे हैं" म्हणणाऱ्याकडून तिकीट घेऊ नका. माझ्या भाच्याने घेतलं होतं. गेटवर तिकीट स्कॅन झालं नाही, पैसे देऊन तो बाहेरच्या टपरीवर मोबाइलमध्ये सामना बघत बसला.

कसोटी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे झालेल्या पहिल्या तिन्ही कसोट्यांपैकी एकही पाचव्या दिवसापर्यंत गेली नाही. 2016 ची न्यूझीलंडविरुद्धची, ज्यात कोहलीने 211 आणि आपल्या रहाणेने 188 केले, ती चार दिवसांत संपली. नोव्हेंबर 2019 ची बांगलादेशची गुरुवारी सुरू झाली, शनिवारी संपली. मार्च 2023 ची ऑस्ट्रेलियाची बुधवारी सुरू झाली आणि शुक्रवारी सकाळीच आटोपली, आपण हरलो. पोरांची शाळा बुडू नये म्हणून रविवारचा बेत करणारे दोन्ही वेळा घरी बसले. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढा, शाळेत ताप आला म्हणून कळवा.

आता माझं खरं मत. नव्या माणसाने पोरांना पहिल्यांदा भारताच्या सामन्याला नेऊ नये. रणजीला, म्हणजे राज्यांच्या संघांच्या सामन्याला, न्यावं. हिवाळ्यात साडेनऊच्या सुमारास खेळ सुरू होतो, आत सोडायला कोणी पैसे मागत नाही, कुठेही बसा. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज येतो, यष्टिरक्षक काय ओरडतो ते ऐकू येतं. मध्य प्रदेशकडून खेळणारे रजत पाटीदार, आवेश खान, वेंकटेश अय्यर, तिघेही इंदूरचेच. अय्यरवर कोलकात्याने आयपीएलच्या 2024 च्या लिलावात 23.75 कोटी लावले होते, आणि तोच माणूस इथे फुकटात बघायला मिळू शकतो. आमचा खर्च येण्याजाण्याचा आणि मधल्या सुट्टीत खाल्लेल्या कचोरीचा. कंटाळा आला तर उठून घरी जाता येतं. हजाराचं तिकीट काढलं असेल तर रडणारं पोर घेऊन कोण उठतं?

मुंबईकरांना आगाऊ सूचना. 2022 च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं, आणि प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. शेजारच्या बाकावरचे आजोबा ही गोष्ट तुम्हाला सांगणारच. त्यानंतर ते होळकर संस्थानच्या जुन्या संघावर जातील, चार वेळा रणजी जिंकलेल्या. त्यांना मध्येच थांबवून एवढंच सांगा की त्या संघाचे सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, नागपूरहून आले होते, होळकरांनी बोलावलं म्हणून. मी सांगते. मग आजोबा डब्यातला चिवडा पुढे करतात.

बायकांचे सामने विसरू नका. 2025 च्या विश्वचषकाची तिकिटं 100 रुपयांपासून होती. 19 ऑक्टोबरला, दिवाळीच्या आदल्या दिवशी, भारत-इंग्लंड. फराळाचं अर्धं काम टाकून आम्ही चौघं गेलो, चारशे रुपयांत. लेकीने सांगलीच्या स्मृती मानधनाच्या 88 धावा बघितल्या, मी तिच्याहून जास्त ओरडले. चार धावांनी हरलो. पण आमच्या वहीत भारताच्या सामन्यापुढे एवढा कमी आकडा त्याआधी कधी नव्हता.

तेव्हा सोसायटीतल्या तिघांनाही निरोप : पुढच्या रणजी सामन्याची तारीख कळली की मी जिन्यात चिठ्ठी लावते. कचोरीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.