‘ट्राइब’ हा शब्द कुणाचा? आर्ची माफेजे यांचा हात धरून अभ्यासाला लागताना

आदिवासी राजकारणाचा अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी जेव्हा सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी असे विचारतात, तेव्हा मी त्यांना जाडजूड ग्रंथ तूर्त बाजूला ठेवायला सांगते आणि नऊ पानांचा एक निबंध हातात देते. ‘द आयडिऑलॉजी ऑफ ट्रायबॅलिझम’ या नावाने तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. लेखक आर्ची माफेजे, दक्षिण आफ्रिकेचे मानवशास्त्रज्ञ, त्या वेळी मायदेशाबाहेर होते आणि पुढची जवळपास तीस वर्षे बाहेरच राहणार होते. माझ्या संशोधनाच्या पहिल्या आराखड्यात मी ‘आफ्रिकेतील टोळ्यांचे राजकारण’ असे शब्द बिनदिक्कत वापरले होते. मार्गदर्शक बाईंनी ‘टोळ्या’ या शब्दाभोवती पेन्सिलीने एक गोल काढला, एका अक्षरानेही टिप्पणी केली नाही आणि हा निबंध वाचून मगच परत या, एवढेच सांगितले.

निबंधाच्या आरंभीच माफेजे एक साधी गोष्ट नोंदवतात. दक्षिण आफ्रिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांत ‘ट्राइब’साठी शब्दच नाही. राष्ट्र, कुळ, वंश यांच्यासाठी शब्द आहेत, आणि अनोळखी माणसाची ओळख करून घ्यायची तर तू कुणाच्या, म्हणजे कोणत्या प्रमुखाच्या, भूमीतला असे विचारण्याची पद्धत आहे. मग ‘ट्राइब’ आली कुठून? ज्यांना आपण जमाती म्हणतो, त्यांपैकी पुष्कळ, राजकीय समूह या अर्थाने, वसाहती राजवटीच्या हातभाराने उभ्या राहिल्या, हे त्यांचे उत्तर. पुढचा मुद्दा त्याहून धारदार आहे. आपल्या समाजाची परंपरा आणि स्वायत्तता टिकवण्यासाठी झटणारा माणूस वेगळा, आणि राजधानीच्या शहरात सत्तेच्या खुर्चीला चिकटून राहता यावे म्हणून जमातीचे नाव घेणारा, त्याच जमातीच्या माणसांना लुबाडणारा पुढारी वेगळा. अभ्यासकाने दोघांना एकाच शब्दात कोंबले, तर लुबाडणूक झाकण्याच्या कामी तो स्वतःच लागतो.

हे सुचले कुठून, हे त्यांचे बालपण पाहिले की कळते. माफेजे यांचा जन्म १९३६ सालचा, पूर्व केपमधील एन्गकोबो भागातल्या एका खेड्यातला. आईवडील दोघेही शिक्षक होते. हा थेंबू लोकांचा प्रदेश ट्रान्स्कायमध्ये येतो, आणि वर्णद्वेषी सरकारने आपल्या ‘बांटुस्तान’ योजनेचा, म्हणजे कृष्णवर्णीयांना जमातवार वेगळ्या प्रदेशांत बांधून टाकण्याच्या योजनेचा, पहिला मोठा प्रयोग याच ट्रान्स्कायमध्ये केला. १९५१ च्या कायद्याने गावप्रमुखांना सरकारी यंत्रणेत बांधून घेण्यात आले, १९६३ साली ट्रान्स्कायला तथाकथित स्वशासन मिळाले आणि काइझर माटान्झिमा सत्तेवर आले, तर त्यांच्याच थेंबू राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेतील साबाटा दालिंद्येबो यांनी या योजनेला विरोध केला आणि पुढे त्यांनाही देश सोडावा लागला. जमातीच्या नावाने एक माणूस सत्ता मिळवतो आणि दुसरा तिला नकार देतो, हे माफेजे यांनी आपल्याच घरच्या मुलखात घडताना पाहिले होते.

नवख्या अभ्यासकाने सर्वात जास्त वेळ द्यावा तो मात्र त्यांच्या लांगामधल्या कामाला. माफेजे आधी फोर्ट हेअर विद्यापीठात होते, मग केप टाउन विद्यापीठात आले. तिथे त्यांची पहिली पदवी विज्ञानाची, आणि त्यानंतर ते प्राध्यापिका मोनिका विल्सन यांच्याकडे सामाजिक मानवशास्त्र शिकू लागले. लांगा ही केप टाउनजवळची कृष्णवर्णीयांची वसाहत. मार्च १९६० मध्ये, शार्पव्हिलमध्ये कृष्णवर्णीय निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला त्याच दिवशी, इथेही पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्यानंतरच्या संशयाने भारलेल्या वातावरणात विशीतला हा विद्यार्थी तिथे माणसांशी बोलत हिंडत होता. खोसा ही त्याची मातृभाषा असल्याने दुभाष्याची गरज नव्हती. १९६३ साली विल्सन आणि माफेजे यांच्या नावाने लांगावरचे पुस्तक निघाले. त्यामागचे बहुतांश क्षेत्रकार्य माफेजे यांचे होते.

त्या पुस्तकातला एक तपशील मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. लांगातले लोक एकमेकांना कोणत्या नावांनी हाक मारत? गावाकडून कामासाठी आलेल्या आणि एकाच खोलीत चूल मांडणाऱ्या गाववाल्यांचे गट होते. शहरातच वाढलेले तरुण होते. शिवाय एक वर्ग होता ‘ऊस्क्यूझ-मी’ लोकांचा, म्हणजे बोलताना इंग्रजी ‘एक्सक्यूझ मी’ पेरणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींचा. सरकारी कागदावर हे सगळे केवळ अमुक जमातीचे म्हणून नोंदले जात होते, आणि वस्तीच्या तोंडी त्यांची विभागणी राहणी, शिक्षण आणि गाव यांवरून होत होती. ‘ट्राइब’ हा शब्द माणसांच्या तोंडचा की दप्तरातला, हा १९७१ चा प्रश्न लांगातल्या या वह्यांमध्ये आधीच रुजलेला होता असे मला वाटते. म्हणून माझा पहिला व्यावहारिक सल्ला हा की क्षेत्रनोंदींच्या वहीत पानाच्या मध्ये एक उभी रेघ मारावी, डावीकडे माणसांनी स्वतः वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, उजवीकडे आपले शास्त्रीय शब्द लिहावेत, आणि निदान सहा महिने उजवीकडचा शब्द डावीकडे सरकू देऊ नये.

यानंतर केंब्रिज, मानवशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्स यांचे मार्गदर्शन, युगांडातील बुगांडा प्रदेशातल्या मोठ्या शेतकऱ्यांवरचा प्रबंध, आणि मग १९६८. त्या वर्षी केप टाउन विद्यापीठाने माफेजे यांची सामाजिक मानवशास्त्राचे वरिष्ठ व्याख्याते म्हणून निवड केली. सरकारने दबाव आणला आणि विद्यापीठाच्या कार्यकारिणीने नेमणूक मागे घेतली. ऑगस्टमध्ये सुमारे सहाशे विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या ब्रेमनर इमारतीत ठिय्या दिला, तो नऊ दिवस चालला, तरी निर्णय बदलला नाही. देशातील शैक्षणिक जीवनाचे दार एका पत्राने बंद झाले.

पुढची वाटचाल मी तारखांसह सांगते, कारण आजही ज्यांना मायदेशात नोकरी करणे शक्य होत नाही अशा संशोधकांना तिचा उपयोग होतो. दार-एस-सलाम विद्यापीठात ते समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९७१ मध्ये तिथेच मोटार अपघातात गंभीर जखमी झाले. उपचारानंतर हेगच्या सामाजिक अध्ययन संस्थेत प्राध्यापक झाले आणि त्यांनी डच नागरिकत्व घेतले. १९७८ पासून दीर्घ काळ ते कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात होते, मधल्या काळात नामिबियाच्या विद्यापीठातही होते. पत्नी शाहिदा एल-बाझ या इजिप्तच्या विदुषी. या सगळ्या काळात डाकारच्या ‘कोडेस्रिया’ या आफ्रिकी सामाजिक शास्त्रे संशोधन परिषदेशी त्यांचे नाते घट्ट राहिले. विद्यापीठे बदलत गेली, पण आफ्रिकी वाचक आणि आफ्रिकी प्रकाशक त्यांनी सोडले नाहीत. बाहेर असताना आपला पहिला वाचक कोण, हे ठरवून लिहिण्याची शिस्त त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

एक गोष्ट मात्र मला प्रामाणिकपणे लिहिलीच पाहिजे. हद्दपारीने माफेजे यांच्याकडून त्यांचे क्षेत्र हिरावून घेतले. पूर्व आफ्रिकेतील सरोवरांलगतच्या राज्यांवरचा त्यांचा १९९१ चा ग्रंथ विचाराने भक्कम आहे, मानवशास्त्रावरची त्यांची पुढची टीका तर जहाल आहे, पण लांगातल्या खोल्यांमध्ये ऐकू येणारी माणसांची बोली त्यांत मला क्वचितच भेटते. हा त्यांचा दोष मी मानत नाही. घरी जाता न येणाऱ्या माणसाने त्याची भरलेली किंमत मानते. ते अखेर मायदेशी परतले आणि मार्च २००७ मध्ये प्रिटोरियात वारले. केप टाउन विद्यापीठाने २००८ साली त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली. ब्रेमनर इमारतीतल्या एका सभागृहाला आज त्यांचे नाव आहे.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक अडचण येते आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालत नाही. माफेजे यांचा निष्कर्ष उचलून ‘जमात ही वसाहतवाद्यांची निर्मिती’ असे आपल्याकडे छापून टाकले, तर तो युक्तिवाद भलत्याच बाजूला जाऊन उभा राहतो. मालवणात जन्मलेले आणि माफेजे यांच्याप्रमाणेच केंब्रिजमध्ये डॉक्टरेट मिळवलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले, तेव्हा त्यांचेही म्हणणे वेगळी ‘आदिम’ कोटी खोटी आहे असेच होते, परंतु त्याचा रोख आदिवासींना हिंदू समाजात सामावून घेण्याकडे होता. शिवाय आपल्या संविधानात ‘अनुसूचित जमाती’ ही हक्कांची कोटी आहे आणि तिच्यावर माणसांचे शिक्षण, नोकरी व जमीन अवलंबून आहे. शब्द सरकारी दप्तरातून आला असला तरी तो पुसला गेल्यावर नुकसान कुणाचे होईल, हे तपासल्याशिवाय लिहू नये.

हे मला जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर कळले. पहिल्याच भेटीत मी एका आजींना ‘तुमची जमात कोणती?’ असे विचारले. त्या काही न बोलता उठल्या, आत गेल्या आणि गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. तिच्यात रेशनकार्ड, सासऱ्यांच्या शाळेचा घडीवर फाटलेला दाखला आणि नातवाच्या जात पडताळणीच्या अर्जाची पोच होती. एकेक कागद त्या माझ्यासमोर मांडू लागल्या, कारण हा प्रश्न आजवर त्यांना फक्त कचेरीतून आलेल्या माणसांनी विचारला होता. माझ्या तोंडी सरकारचा प्रश्न होता आणि त्यांनी सरकारला द्यायचे उत्तर मला दिले.

दुसऱ्या खेपेला मी नुसते ‘आजी, माहेर कुठलं?’ असे विचारले. त्यावर त्या तासभर बोलल्या: कुठल्या पाड्यावरून लग्न होऊन आल्या, तिथली नाचणीची वरकस जमीन कुणाच्या नावावर गेली, वनहक्काच्या दाव्यात मोजलेला तुकडा कसणाऱ्या तुकड्यापेक्षा लहान कसा निघाला, आणि कुठला पुढारी निवडणुकीपुरता आपल्यातला होतो. वहीची डावी बाजू त्या दिवशी चार पाने भरली. ‘जमात’ हा शब्द त्यांत एकदाच आला, नातीला आश्रमशाळेत घालण्यासाठी दाखला अजून मिळायचा आहे, हे सांगताना.